झोळीचं पुढचं टोक

उंबरदऱ्यात कुणाला काही झालं की पहिली हाक पुंजारामला जायची. देवाला नवस नंतर, नर्सबाईला फोन नंतर, आधी पुंजाराम. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कड्याखाली बसलेल्या या वाडीला रस्ता नाही. डांबर खाली ओढ्यापाशी संपतं आणि तिथून वर दीड तासाची चढण. उतरताना खांद्यावर माणूस असला तर त्याच दीड तासाचे अडीच तास होतात.

म्हणून झोळी. जाड घोंगडीची टोकं बांबूला गच्च बांधायची, दुखणाईताला तीत मुटकुळं करून निजवायचं आणि पुढे एक, मागे एक अशा दोघांनी बांबू खांद्यावर घ्यायचा. मागचा माणूस दर वळणाला बदलतो. पुढचं टोक मात्र तीस वर्षं पुंजारामकडेच होतं. पुढच्याला वाटेतले दगड दिसतात, मागच्याला फक्त पुढच्याच्या टाचा. पुढच्याचा पाय चुकला तर तिघंही दरीत.

त्याचा पाय कधी चुकला नाही. फुरसं चावलेला म्हातारा त्याने उतरवला, तापाने फणफणलेली पोरं उतरवली. एक बाई तर दुसऱ्या वळणावर झोळीतच बाळंत झाली. त्या मुलीचं नाव शाळेत काहीही असो, वाडी तिला झोळीच म्हणते. लग्नात जेवणाच्या पंगतीत पुंजारामला पहिलं पान मिळायचं आणि कुणीतरी हमखास म्हणायचं, “पुंजा, वऱ्हाड लई दमलंय, नवरी झोळीतच घेऊन ये.” तो मिशीत हसायचा. साठीला आलेल्या या माणसाकडे जमीन खाचरापुरती, घर दोन खणांचं. पण उंबरदऱ्यात त्याच्या शब्दाला वजन होतं, ते त्या बांबूमुळे.

चार वर्षांपूर्वी चैत्रात सहादेव हिरड्याच्या झाडावरून पडला. सहादेव म्हणजे पुंजारामच्या थोरल्या चुलत भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला होता, घरात हा पोरगा आणि त्याची आई छबूबाई. बाळहिरड्याचे, म्हणजे कोवळी फळं काढून विकायचे, दिवस होते, सगळी वाडी झाडांवर. फांदी पिचली आणि बावीस वर्षांचा पोरगा दोन माणसांच्या उंचीवरून खडकावर पाठीवर आपटला. पुंजाराम घोंगडी घेऊन पोहोचला तेव्हा तो शुद्धीत होता, कण्हत होता. पुंजारामने त्याच्या तळव्याला गुदगुली केली. बोटं हलली.

“आरं, नाचतंय की पोरगं अजून,” तो म्हणाला, आणि रडणाऱ्या बाया थोड्या सावरल्या.

मग नेहमीसारखंच केलं. काखेत एकाने, गुडघ्यात एकाने हात घालून सहादेवला उचललं, झोळीत दुमडून निजवलं आणि निघाले. पुंजाराम त्या दिवशी उतरला तसा कधीच उतरला नव्हता. अडीच तासांची वाट दोन तासांत. पोरगं आधी दर पायरीला ओरडत होतं, मग गप्प झालं. सुळक्याच्या वळणापाशी झोळीतून आवाज आला, “काका, माझे पाय बाहेर लोंबत्यात का? कळंना.”

“न्हाई रं, आत हायेत,” पुंजाराम मागे न बघता म्हणाला. त्याला बरं वाटलं होतं. दुखायचं थांबलं असेल.

तालुक्याला नेलं, तिथून नाशिकला. पोरगा जगला, कमरेखालून गेला. छबूबाई सगळ्यांना सांगायची, पाय देवानं नेले, पण पोरगं भाऊजींनी दिलं. तेव्हापासून दर वर्षी नवा भात कांडला की पहिलं सूप पुंजारामच्या घरी येई. तो नको म्हणायचा. ती ठेवून जायची.

यंदा माघात एका संस्थेने वाडीच्या शाळेत तीन दिवसांचं शिबिर घेतलं. खाली गाडीपर्यंत नेईपर्यंत जखमी माणसाचं काय करायचं, ते शिकवायला. शिकवणारे गोरक्षनाथ सर भिंगारचे. फौजेच्या दवाखान्यात वीस वर्षं काढलेले, आवाज करडा पण बोलणं मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, इथे दुखणाईतांना खाली कोण नेतं? सगळ्या माना एकीकडे वळल्या. पुंजाराम धुतलेली टोपी घालून पहिल्या ओळीत बसला होता.

तो दिवस रक्त थांबवण्याचा होता. जखमेवर स्वच्छ फडकं ठेवून जोरात दाबायचं, सारखं उचलून बघायचं नाही, हळद-चुना भरायचा नाही. पुंजारामने हळदीवरून थोडा वाद घातला, मग पटवून घेतलं. घरी जाऊन बायकोला म्हणाला, माणूस शिकलेला हाय, पण चढणीवर आपल्या मागंच राहील.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यालाच झोळी बांधून दाखवायला सांगितलं. त्याने बांधली, एका तरुणाला आत निजवलं आणि बांबू उचलला. सरांनी झोळीखालून त्या तरुणाच्या पाठीवर हात फिरवला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. पाठ कमानीसारखी वाकली होती.

ताप असो, साप चावो, झोळी चालेल, ते म्हणाले. पण उंचावरून पडलेल्या माणसाला झोळी नाही. पाठीच्या मणक्यांच्या आतून दोरीसारखी मज्जा, म्हणजे मज्जारज्जू, जाते. मणका मोडला तरी कधीकधी ती शाबूत राहते. अशा वेळी माणूस हलवला, वाकवला, तर मोडक्या हाडाची कड तिला चिरते आणि खालचं सगळं जातं. म्हणून एकाने डोकं दोन्ही हातांत सरळ धरायचं, बाकीच्यांनी ओंडका लोटतात तसं अंग एकदम वळवायचं, खाली फळी नाहीतर दाराची झडप सरकवायची, बांधायचं आणि मगच उचलायचं. आणि आधी बघायचं, पायाची बोटं हलतात का.

मग मागून कुणीतरी विचारलं, “पुंजाबाबा, सहादेवाची हलत हुती का वो?”

“आता काय ध्यानात ऱ्हातंय,” पुंजाराम म्हणाला आणि झोळीच्या गाठी सोडायला लागला. गाठ सुटेना. एरवी ती तो डोळे मिटून सोडायचा.

चहाच्या वेळी त्याने सरांना बाजूला घेतलं आणि दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तसं विचारलं. सरांना कळलं असावं. ते म्हणाले, पडतानाच मज्जेला इजा झालेली असते कधी, नंतर सूज चढून पाय जातात. आता कुणालाच सांगता यायचं नाही. आणि माहीत नसताना केलं त्याचा दोष धरत नाहीत. पुंजारामने हे वाक्य जपून घरापर्यंत नेलं. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि ते निसटलं. बोटं हलताना त्यानेच बघितली होती. पाय लोंबतात का, हेही त्यालाच विचारलं होतं.

दुपार कलंडायच्या आत तो छबूबाईकडे गेला. पडवीत सहादेव बसला होता. सौरदिव्याच्या बॅटरीवर वाडीचे मोबाईल चार्ज करून देण्याचं काम तो करायचा. मांडीवर वायरींचा गुंता होता.

“काका, नापास झाला का शाळेत? तोंड का उतरलंय?”

“मास्तर लई मारतो,” पुंजाराम म्हणाला आणि मागल्या दाराने परसात गेला.

छबूबाई नाचणी पाखडत होती. तिने बसायला पाट दिला. तो बसला नाही. टोपी हातात घेऊन त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सर काय म्हणाले, झोळी कशी वाकवते, मज्जा कशी चिरते. आपण उचललं तेव्हा पाय जिवंत होते आणि सुळक्यापाशी मेलेले होते, तेही. “वहिनी, पाय देवानं न्हाई नेले. म्या नेले,” तो म्हणाला.

त्याला वाटलं होतं ती सूप फेकून मारील. निदान घराबाहेर हाकलील. तेही चाललं असतं, तेवढ्यासाठीच तो आला होता.

छबूबाईने सूप खाली ठेवलं.

“पडलेल्याला हलवायचं नसतं म्हनता?”

“न्हाई.”

“बसवायचं बी न्हाई?”

“न्हाई.”

“म्या बसवला हुता त्याला,” ती म्हणाली. “तुमी यायच्या आदी. पानी मागत हुता. काखेत हात घालून बसवला, पानी पाजलं. डोळं मिटाय लागला तसा गदागदा हलवला. लई हलवला, भाऊजी.”

हे पुंजारामला माहीत नव्हतं. तो पोहोचला तेव्हा सहादेव आडवाच होता. त्याने घाईघाईने सांगितलं की त्यानंतरच आपण बोटं हलताना बघितली, म्हणजे तिच्या हलवण्याने काही झालेलं नव्हतं, जे झालं ते झोळीत झालं. आईशप्पथ सांगतो, तो म्हणाला. पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून सांगितलं.

तिने मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना.

“तुमी तसंच म्हननार,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं ओझं आपल्या खांद्यावर घ्यायची तुमाला सवयच हाय.”

“वहिनी, खरं सांगतोय.”

“व्हय. सहादेवाला यातलं काई बोलू नका.”

ती आत गेली. पडवीतून सहादेवचा आवाज येत होता, कुणाला तरी फोनवर सांगत होता, चार्जर जळलाय, अकोल्याला गेलास तर घेऊन ये. पुंजाराम परसातच उभा राहिला. चार वर्षं ही बाई निदान एका गोष्टीतून सुटलेली होती. जे झालं ते देवाने केलं, असं समजून रोज त्या पोराला उचलत होती, कुशीवर वळवत होती, त्याच्या पाठीच्या जखमा धूत होती. आता तिला प्रत्येक वेळी ते पाणी आठवणार होतं. आणि खरं सांगून झालेलं असताना त्याच्याकडे सांगायला दुसरं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सरावाला छबूबाई आली. आधीचे दोन दिवस ती फिरकली नव्हती. बायांनी सरकून जागा दिली. शाळेच्या अंगणात सरांनी जुन्या दाराची झडप आणून ठेवली होती. जखमी म्हणून झोपायला कुणी तयार होईना, तरुण पोरं एकमेकांना ढकलून हसत होती. पुंजारामने टोपी काढली आणि तो जमिनीवर उताणा झाला. आयुष्यात पहिल्यांदा तो आडवा होता आणि बाकीचे त्याच्याभोवती उभे.

डोकं कोण धरणार, सरांनी विचारलं. छबूबाई पुढे झाली. सरांनी तिचे हात पुंजारामच्या कानांवर ठेवून दिले, कोपरं जमिनीला टेकवायला लावली आणि बजावलं की डोकं धरणारा सगळ्यांचा मुकादम. तो म्हणेल तेव्हाच इतरांनी वळवायचं. आणि काही झालं तरी, झडपेवर पक्कं बांधून होईपर्यंत, त्याने हात सोडायचे नाहीत.

तिने मोजलं. एक, दोन, तीन. चौघांनी त्याला वळवलं, झडप सरकवली, पुन्हा उताणं केलं. नऊवारीच्या पट्ट्यांनी छाती, कंबर, पाय बांधले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळ्या ठेवून कपाळावरून पट्टी घेतली. पुंजारामला वर फक्त तिचा चेहरा दिसत होता, उलटा. कान झाकलेले, त्यामुळे बाकी सगळं लांबून ऐकू येत होतं. तिच्या बोटांना नाचणीचा वास होता.

छान, म्हणाले सर. आता सोडा हात.

तिने सोडले नाहीत. सरांनी पुन्हा सांगितलं, मावशी, झालं, बांधलंय त्यांना. पोरं चहाकडे निघाली होती, ती थांबली. सरांनी तिच्याकडे बघितलं आणि ते हलकेच वळून बाकीच्यांना म्हणाले, तुम्ही व्हा पुढे.

अंगण रिकामं झालं. पुंजारामला पाठीखाली झडपेची एक खिट्टी बोचत होती. तिचे हात कानांवर तसेच होते. तो हलला नाही.