नहरीतला हुंकार

बायको गेली, तिलाही हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे. उन्हाळी शिबिरानं मुलांचा काय फायदा होतो, यावर मी गावभर भाषणं ठोकली आहेत. मुलं धीट होतात, एकमेकांत मिसळतात, मन मोकळं करतात... या ‘मन मोकळं’पाशी आलो की माझी जीभ दरवेळी अडखळायची. लोकांना वाटायचं, सर भावुक झाले.

मी चित्रकलेचा मास्तर. वाळूजला कारखाने नवे नवे येत होते, तेव्हाची गोष्ट. बेगमपुऱ्यापलीकडच्या एका जुन्या बागेत मी मे महिन्यात शिबिर घ्यायचो. सकाळी लेझीम, मग मातीकाम, पन्हं, आणि उन्हं चढली की लिंबाखाली गोष्ट. गोष्टीला पोरांनी हुंकार द्यायचा, हा माझा दंडक. ‘हं’ थांबलं की गोष्ट थांबली. घरोघरी तसंच असतं, नाही का? पुढचा हं म्हणत नसेल, तर सांगणाऱ्यानं सांगायचं कुणाला?

त्या बागेखालून नहर जाते. हर्सूलच्या बाजूनं शहरात पाणी आणणारं जुनं भुयार. त्यावर हवेसाठी जागोजागी दगडचुन्याचे पोकळ मनोरे आहेत, त्यांना आम्ही बंबे म्हणतो. एक बंबा लिंबाजवळ होता, त्याला पोरांच्या तोंडाशी येईल असं भोक. दुसरा भिंतीपलीकडं, माझ्या सामानाच्या खोलीतच आलेला. बाहेर फरशीनं तळपाय भाजायचे आणि त्या भोकातून गार, ओली, शेवाळाच्या वासाची हवा यायची. कान लावला की आत कुणीतरी झोपलंय असं वाटायचं. अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो.

सुरुवात थट्टेतच झाली. गुलमंडीतल्या कापडवाल्याचा एक गुबगुबीत पोरगा भोकाला तोंड लावून म्हणाला, ‘रफीकचा डबा मीच खाल्ला.’ मी खोलीत लेझमा काढत होतो. भुयारातून खोलीतल्या बंब्यात आवाज असा आला, की वाटावं पोरगा माझ्या खांद्याशीच उभा आहे. मी गंमत म्हणून घोगरं ‘हं’ केलं. तो धूम पळाला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या डब्यातला लाडू रफीकला दिला, हे मी पाहिलं.

मग काय! पोरं रांग लावून बंब्याला सांगायला लागली. अंथरूण कोण ओलं करतं, बापाच्या पट्ट्याला कोण भितं... आणि मी? मी लेझमांच्या ढिगाऱ्यावर बसून ऐकायचो. संध्याकाळी आईबापांना म्हणायचो, ‘याला अंधाराची भीती आहे, रागावू नका.’ ते थक्क व्हायचे. सरांना पोरांच्या मनातलं कळतं म्हणायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं. चोरून ऐकण्याला मी तेव्हा बालमानसशास्त्र म्हणत होतो.

संगीता हर्सूलची. दहा-अकरा वर्षांची असेल. वडील वाळूजला पाळीत कामाला. आदल्या पावसाळ्यात तिची आई हर्सूलच्या तळ्यात बुडून गेली होती. पाय घसरला की आणखी काही, ते मी विचारलं नाही. पोरीला सांगितलं होतं की आई मामाकडं गेलीय. नाव घालताना वडील हळूच म्हणाले, ‘सर, तिला म्हाईत नाय. तुम्ही बी बोलू नका.’ पोरगी बोलायची नाही, डबा उघडायची नाही. लेझीम हातात धरून नुसती उभी राहायची.

तिला माहीत नव्हतं? पोरांना सगळं माहीत असतं हो. एक दिवस खोलीत तिचा आवाज आला — ‘आई, हे पाणी तळ्यातूनच येतं ना? तू हाईस का तिथं?’

मी हं म्हणालो.

दया आली म्हणून म्हणालो, असं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. ती बोलत राहावी आणि मला ऐकायला मिळावं, म्हणून म्हणालो.

आणि पोरगी फुलली! भाकरी थापली, एका बाजूनं करपली, आजी ओरडली — सगळं आईला सांगायची. डबा खायला लागली, गोष्टीला सर्वांत मोठा हुंकार तिचा. वडील हात जोडून म्हणाले, ‘पोरगी लई बदलली, सर. जेवती, हसती. उपकार झाले.’ मी ते उपकार मान तुकवून घेतले.

मध्ये एक दिवस मी तापानं घरी होतो. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या उशाशी. दुसऱ्या दिवशी संगीता भोकाशी कुजबुजली, ‘काल किती बोललीस, आई! रोज नुसतं हं-हं करतीस.’ माझ्या हातातली लेझीम खणखणत खाली पडली. काल कोण बोललं? काय बोललं? भुयारातून गार हवा तेवढी येत होती. तेव्हाच तिथून उठायला हवं होतं. पण ती वाट बघत होती — आणि मी परत हं म्हणालो.

समारोपाच्या दिवशी सतरंज्यांवर आईबाप बसले होते. मी शेवटचं म्हणून खोलीत गेलो. ती धापा टाकत आली. ‘आई, उद्यापासनं इथं येता येणार नाय. मग मीच येऊ का तळ्यावर? तुझ्यापाशी?’

मला कळलं नाही असं समजू नका. शब्दन् शब्द कळला. हुंकार मिळाल्याशिवाय ती हलायची नाही. बाहेर माइकवर माझं नाव पुकारत होते. नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तरी पुरे होतं, पण शब्द उच्चारला असता तर पुरुषाचा आवाज कळला असता. बाहेर जाऊन ‘पोरी, तो मी होतो’ म्हणायचं? त्या सगळ्यांसमोर? मी तापात होतो त्या दिवशी कोण बोललं ते मला माहीत नाही. हा हुंकार मात्र माझाच. मी तो दिला आणि शाल घ्यायला गेलो.

सकाळी तळ्यावर म्हशी धुणाऱ्या एकानं तिला केसांना धरून बाहेर काढलं. वाचली. शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, आईनं ये म्हटलं. झालं, घरच्यांनी ठरवलं की पोरीला धरलंय. मिरच्यांची धुरी दिली, कुणा देवऋषीकडं नेलं, त्यानं झोडपलं. मग वडील तिला घेऊन शाळेत माझ्याकडं आले. तिच्या कपाळावर अंगारा होता, ओठ सुजला होता.

वडील सांगत होते, मी ऐकत होतो. ऐकता ऐकता सवयीनं ‘हं’ निघून गेलं. तिनं मान वर केली. माझ्या डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं पाहिलं. पाहतच राहिली.

‘सर, देवाशपथ सांगा,’ वडील म्हणाले, ‘तुमच्या बागेत कसला आवाज येतो का?’

‘छे,’ मी म्हणालो. ‘मुलांच्या कल्पना असतात.’

‘नव्हता आवाज, अण्णा,’ संगीता म्हणाली. ‘मीच खोटं बोलले.’

तिची आई गेली ती तेव्हा, माझ्यासमोर. मी ते तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. तोवर वडिलांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्यांनी तिला फाडकन थोबाडीत मारली. ती रडली नाही. माझ्याकडंच बघत होती.

मी मध्ये पडलो नाही. मी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणालो, बसा, चहा घेऊन जा.