नवऱ्याची साक्ष

तेव्हा मी नवऱ्याला ‘हे’ म्हणायचे. आता लिहिताना ‘तो’ म्हणते आणि मला बरं वाटतं. एवढी सूट मी स्वतःला दिली आहे.

तो सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता आणि दारू पीत होता. पगाराच्या दिवशी पुरुष माणूस घेतोच थोडी, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या मुलाचा रोजच पगार व्हायचा. मी करायचं ते सगळं करून पाहिलं. देवीच्या गडावर जाऊन नवस बोलले. शेजारणीने दारू सुटायची म्हणून आणून दिलेली पूड गुपचूप भाजीत कालवली. ती खाऊन त्याने भाजी झकास झाल्याचं सांगितलं, आणखी एक पोळी मागून घेतली आणि चप्पल घालून बाहेर पडला. कळवणला माहेरी निघून गेले, तर आईने थोडे दिवस ठेवून घेतलं आणि मग स्वतःच स्टँडवर येऊन मला नाशिकच्या एसटीत बसवून दिलं.

लग्नानंतर बऱ्याच उशिरा मला दिवस गेले. पाचवा महिना चालू असताना एका संध्याकाळी जेवण वाढायला उशीर झाला म्हणून त्याने मला ढकललं. मी मोरीच्या कठड्यावर पोटावर पडले. मूल गेलं. दवाखान्यात मी सांगितलं, मोरीत पाय घसरला. आईलाही तेच सांगितलं. सासूबाईंना काही सांगावं लागलं नाही, त्या घरातच होत्या. त्यानंतर मला परत दिवस गेले नाहीत.

कारखान्यातला एक सोबती त्याला प्रार्थनेला घेऊन गेला, ते सिंहस्थाच्या आदल्या वर्षी. शहरातले रस्ते उकरून ठेवलेले होते. अंबडच्या बाजूला टायरच्या दुकानावर एक हॉल होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी, एक खंजिरी. तिथले पास्टर आधी वायरमन होते, साधा माणूस. त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि तो प्यायचा थांबला. खरोखर थांबला. आज पिऊन येईल, उद्या येईल, म्हणून मी दाराला कान लावून बसायचे. तो यायचा, हातपाय धुवायचा, जेवायचा. घरात इतकी शांतता होती की मला तिची भीती वाटायची.

पुढे धरणाच्या मागच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. मीही घेतला. सासूबाई म्हणाल्या, बुडीच मारायची होती तर आपली नाशिकची गंगा काय वाईट होती. मी हसले, पण पाण्यातून वर आले तेव्हा मला खरंच वाटलं होतं की हा देव ऐकणारा दिसतो. आपलं आता नव्याने सुरू होईल, असं मला वाटलं होतं. ते खोटं नव्हतं, एवढं मी आजही म्हणेन.

आमच्या मंडळीत दर रविवारी गाणी झाली की साक्ष असायची. ज्याच्या आयुष्यात प्रभूने काही केलं, त्याने उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असायचा, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असायची. नवऱ्याची साक्ष सुरुवातीला छोटी होती. मी पीत होतो, प्रभूने सोडवलं, आमेन. मग लोक रडायला लागले, तशी ती वाढत गेली. मी बायकोची भांडी विकली. मी बायकोला चुलतभावाच्या लग्नात सगळ्यांसमोर मारलं. पुरुष एका बाजूला बसायचे, आम्ही बायका दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक वाक्याला बायकांच्या माना माझ्याकडे वळायच्या. मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढायचे.

सांगून खाली बसताना त्याचा चेहरा स्वच्छ झालेला असायचा. तो बरा होत होता, ते मला दिसत होतं. आणि तो जितका बरा होत होता तितकी मी आतून संपत होते. याबद्दल तक्रार तरी कुणाकडे करायची? दारू सोडलेल्या नवऱ्याची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला लोक वेडीच म्हणतील.

एका रविवारी तो म्हणाला, “मी माझ्या बायकोच्या पोटातलं मूल मारलं.”

ढोलकीवाल्याने तोंडाला रुमाल लावला. बायका हुंदके देऊ लागल्या. प्रार्थना संपल्यावर त्या एकेक करून मला मिठी मारून गेल्या, तुम्ही धन्य आहात सिस्टर, म्हणाल्या. पास्टरांनी प्रभूचे आभार मानले की या बहिणीने आपल्या नवऱ्याला क्षमा केली. मला कुणी विचारलं नव्हतं. ते सगळे मनापासून धरूनच चालले होते की देवाने त्याला क्षमा केली म्हणजे माझीही त्यातच आली.

त्या हॉलमध्ये कळवणकडचं एक जोडपं यायचं. त्यांच्याकडून ते माझ्या माहेरी पोचलं. आई एसटीने आली, पाणीसुद्धा न पिता पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, “तू तं म्हणली व्हती, पाय घसरला.” मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, “मी तुला परत धाडलं ना. मीच धाडलं.” मग ती रडली, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. तिला राहायचा मी आग्रहही केला नाही. तिच्यापासून एवढी एक गोष्ट मी सांभाळून ठेवली होती आणि तीही गेली.

मी पास्टरांकडे गेले. ते म्हणाले, झाकून ठेवलेली जखम बरी होत नाही. मला राग आला. जखम माझी, आणि उघडून दाखवणारा तो, हे कसलं? पण ते इतके कळवळून बोलत होते की मी तोंडावर काही बोलू शकले नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, बाकी काय सांगायचं ते सांगा, मुलाचं सांगू नका. त्याने लगेच मान्य केलं. तो तेव्हा माझं सगळंच मान्य करायचा.

त्यानंतर त्याची साक्ष पुन्हा आखूड झाली. उभा राहायचा, प्रभूने चांगलं केलं म्हणायचा, बसायचा. घरी मात्र त्याचं काहीतरी बिघडत चाललं. जेवताना हात थांबायचा. रविवार जवळ आला की चिडचिड व्हायची. मग एका संध्याकाळी तो तोंडात मूठभर बडीशेप कोंबून आला. बडीशेपेचा अर्थ मला कुणी शिकवायला नको होता.

मी मोरीत जाऊन उभी राहिले. देवाला म्हणाले, दोघांतलं एकच कोणीतरी बरं होणार असेल तर आधीच सांगायचं होतंस. मला तेव्हा कशाचीच आशा नव्हती, मरावं असंही वाटत नव्हतं, त्यालाही थोडी उमेद लागते. बाहेर येऊन मी त्याला म्हटलं, “सांगा तुम्ही. सगळं सांगा. पण पिऊ नका.” तो लहान मुलासारखा रडला. मी नाही रडले. मी सौदा केला होता आणि तो मला पुरता समजत होता.

पुढच्या रविवारी तो उभा राहिला. तेच सगळं, त्याच क्रमाने. भांडी, लग्न, मोरी. आता ते त्याला पाठ झालं होतं, कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं. “मी माझं मूल मारलं,” तो म्हणाला आणि थांबला. बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“मुलगी होती,” मी बसल्या जागेवरून म्हणाले.

मी ठरवून बोलले नव्हते. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला ते सांगितलं होतं, कपड्यात गुंडाळून नेण्याआधी एकदा दाखवलंही होतं. तो त्या वेळी कुठल्या गुत्त्यावर होता देव जाणे, आणि नंतर त्याने कधी विचारलं नाही. इतके रविवार तो त्या मुलाबद्दल बोलत होता, लोकांना रडवत होता, आणि ते काय होतं हे त्याला माहीत नव्हतं.

पास्टर सवयीने हालेलुया म्हणाले आणि अर्ध्यात थांबले. नवरा तसाच उभा राहिला. पुढचं वाक्य त्याला आठवेना. मग तो खाली बसला, खुर्चीवर नाही, जमिनीवर. त्या दिवशी त्याचा चेहरा स्वच्छ झाला नाही. माझ्याकडे कुणी मिठी मारायला आलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

परतताना उकरलेल्या रस्त्यावर त्याने स्कूटर बंद केली आणि हाताने ढकलत चालू लागला. मी बाजूने चालत होते. बरंच चालल्यावर त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, “नाव ठरवलं होतंस?”

ठरवलं होतं. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. मी त्याला सांगितलं. त्याने ते एकदा हळू आवाजात उच्चारलं. आमच्या दोघांशिवाय ते जगात कुणाला माहीत नव्हतं.

“हे मी तिथे सांगणार नाही,” तो म्हणाला.

तो पुन्हा पिणार की नाही, मला ठाऊक नव्हतं. स्कूटर खड्ड्यात अडकली, तेव्हा मी मागून हात लावला.