आक्कांनी अडवलेला राजीनामा

आमच्या आरोग्य केंद्रात नवा माणूस रुजू झाला, की आक्का पहिला प्रश्न विचारत, "लगीन झालंय का?" मुळशीतल्या त्या केंद्रात त्या शिपाई होत्या, पण माणसं टिकवण्याचं खातं त्यांनी आपणहून घेतलं होतं. एकट्या माणसाला हिंजवडीच्या खासगी दवाखान्यांची हवा लवकर लागते, असा त्यांचा सिद्धान्त. औषधं देणाऱ्या जाधवांना त्यांनी भरे गावची मुलगी बघून दिली होती. "आता सासुरवाडीच त्येची राखण करतीया," असं त्या सांगत.

मी नांदेडहून रक्त-लघवी तपासायला आलो. माझ्याआधीचे तिघे वर्षभरात नोकरी सोडून गेले होते. आक्कांनी मला खोली बघून दिली, डबा लावून दिला आणि जाधवांच्या मेहुणीला दोनदा रक्त तपासायला पाठवलं. दोन्ही वेळा हिमोग्लोबिन तेरा, म्हणजे ठणठणीत. मी तसं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "एवढी चांगली पोरगी, आन् तुमाला फकस्त रगत दिसलं?"

सहा महिन्यांनी मलाही हिंजवडीच्या एका लॅबचं बोलावणं आलं. राजीनामा लिहून मी डॉक्टरसाहेबांना द्यायला आक्कांकडे दिला. पुढचे आठ दिवस एकच उत्तर, "सायेब मीटिंगला गेल्यात." साहेब समोर चहा पीत बसलेले असत, तरी!

नवव्या दिवशी डोंगरावरच्या वाडीतून एक गरोदर बाई चालत आली. "जरा दम लागतुया," एवढंच म्हणाली. हिमोग्लोबिन चार. मी पुन्हा तपासलं, चारच. तसाच साहेबांकडे धावलो. अर्ध्या तासात तिला रुग्णवाहिकेतून पुण्याला नेलं. संध्याकाळी फोन आला, रक्त चढतंय, धोका टळला.

आक्कांनी कनवटीचा चुरगळलेला कागद काढला. "ह्ये द्यायचं ऱ्हायलंच. आता देऊ का सायबास्नी?"

"राहू द्या," मी म्हणालो.

पुढे मी बायको नांदेडचीच केली. आक्का आठवडाभर रुसल्या, मग तिला गावातल्या शिवणक्लासला घालून मोकळ्या झाल्या.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे हिंजवडीजवळ जांब्याला गेल्या. निरोपाच्या दिवशी भाषणाच्या तिसऱ्या वाक्यानंतर मी पुन्हा पहिल्या वाक्यावरच आलो. आक्काच म्हणाल्या, "बसा आता. च्या गार व्हतुया."

मुलाच्या इमारतीखाली चकचकीत लॅब आहे. तरी आक्का दर महिन्याला दोन बस बदलून, उपाशीपोटी, साखर तपासायला माझ्याकडेच येतात. मी रागावलो, की बाही वर सारत म्हणतात, "तितं दर खेपंला नवं पोरगं. रगत वळखीच्या माणसाकडंच द्यावं."