शेकाच्या खोलीबाहेरचा राक्षस

आईला किरणांचा शेक द्यायला आत नेलं, की मी हॉस्पिटलच्या बाकावर टीव्ही बघत बसतो. एरवी बातम्या असतात. आज कुणीतरी जुना कृष्णधवल सिनेमा लावला होता. अणुबाँबच्या चाचणीने समुद्राच्या तळाशी झोपलेला अजस्र प्राणी जागा होतो आणि शहरावर चालून येतो. त्याच्या पाठीवर रबराच्या चुण्या दिसत होत्या आणि पुठ्ठ्याच्या इमारती लाथेसरशी कोसळत होत्या. लहानपणी असले सिनेमे बघताना मी त्या प्राण्यावर डागलेल्या तोफांच्या बाजूने असायचो.

आज मला हे सिनेमे करणाऱ्यांचं कौतुक वाटलं. त्यांनी अणुबाँबच्या ज्या किरणांचा धसका घेतला होता, ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही की आवाज नाही. मग त्यांनी त्या भीतीला पाय दिले, शेपूट दिलं, निदान तिच्याकडे बोट तरी दाखवता यावं म्हणून. आणि इथे, जाडजूड दाराआड, त्याच जातीचे किरण मोजूनमापून आईच्या गाठीवर सोडले जात होते. गाठ आकसतेय, असं डॉक्टर म्हणाले होते. कुणीकुणी जन्म घालवून त्या राक्षसाला माणसाळवलं असेल, त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.

आई बाहेर आली आणि पदर सावरत टीव्हीसमोर थबकली. भाजलेला प्राणी लंगडत किनाऱ्याकडे निघाला होता.

"निघायचं ना?" मी विचारलं.

"थांब जरा," ती बाकावर टेकली. "त्याला घरी पोचू दे. मग आपण जाऊ."