मालनचं वजन

पोरीच्या डोक्यावर माशांची टोपली चढू द्यायची नाही, असं वर्सोव्याच्या सगुणाने फार आधी ठरवलं होतं. तिच्या वयाची असताना सगुणा आईच्या मागून टोपली घेऊन अंधेरीच्या बाजारात चालत जायची. मालन मात्र शाळेत जायची, शिकवणीला जायची, घरी आली की चहात बटर बुडवत टीव्हीसमोर बसायची. पोरगी गुबगुबीत झाली तेव्हा सगुणाला बरंच वाटलं. बाजारातल्या बायकाही म्हणायच्या, "खात्यापित्या घरची दिसते गो."

मग सत्त्याऐंशी साली शाळेत मुलांची तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी सगुणाला बोलावून घेतलं.

"हिचं वजन जास्त आहे. लक्ष द्या."

आपल्या ऐकण्यात चूक झाली असं सगुणाला वाटलं. कोळीवाड्यात आजवर आलेले डॉक्टर पोरं बारीक आहेत म्हणून ओरडले होते. दूध द्या, अंडी द्या सांगून गेले होते. तिने नवऱ्याला विचारलं. हरेश्वर जाळं दुरुस्त करत होता.

"मला काय कळतंय? भात कमी कर तिचा."

तिने भात बंदच केला. थोड्याच दिवसांत मालन प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली.

"उपाशी ठेवायला कोणी सांगितलं?" डॉक्टरीणबाई चिडल्या.

"तुम्हीच ना, बाई."

"मी लक्ष द्या म्हटलं. वाढतं वय आहे. जेवू द्या नीट, बटरं-फरसाण कमी करा. आणि अंग हलू दे जरा."

घरी आल्यावर मालन म्हणाली, "आय, तुझ्यासंगं बाजारात येते. टोपली घेते मी."

"नाय."

"मग शाळेत कबड्डी खेळू?"

पोरींनी मातीत लोळायचं, हेही सगुणाला पटेना. पण टोपलीपेक्षा बरं, म्हणून तिने मान हलवली.

दिवाळीनंतर पुन्हा वजन केलं, तर काटा पहिल्यापेक्षा पुढेच. सगुणाचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "छान आहे."

"वाढलं तरी छान?"

"उंची बघा ना किती वाढलीय."

सगुणाने पाहिलं. पोरगी तिच्या कानापर्यंत पोचली होती. कधी, ते तिला कळलंच नव्हतं.

बाहेर पडल्यावर मालन म्हणाली, "आय, भूक लागली."

"घरी कालवण-भात आहे. पोटभर खा," सगुणा म्हणाली. थोडं चालून गेल्यावर ती थांबली. "पोटभर म्हणजे... तुझं तूच बघ गो. मला काय ते कळेनासं झालंय."