कळलं का?

परवा दुपारी वाचनालयाबाहेरच्या व्हरांड्यात मला माझाच आवाज ऐकू आला. पायरीवर बसलेली एक मुलगी मोबाईलवर माझं अर्थशास्त्राचं लेक्चर बघत होती. ऑनलाइन कोर्ससाठी कॉलेजने ते रेकॉर्ड करून घेतलं होतं. आवाज नको म्हणून पंखा बंद केलेल्या त्या खोलीत बाक नव्हते, मुलं नव्हती, नुसता कॅमेरा. तरी "कळलं का?" विचारून मी शेवटच्या बाकाकडे बघितल्यासारखा थांबलो होतो. जुनी खोड.

"नाही सर," ती मुलगी हळूच म्हणाली.

"छान. मग पुढे जाऊ," मी मोबाईलमधून म्हणालो.

तिने बोटाने मला मागे नेलं. मी तेच, तितक्याच हुरूपाने समजावलं आणि पुन्हा थांबलो. तिने पुन्हा नकारार्थी मान हलवली. वर्गात एखादीचा चेहरा पडला, की मी खडू खाली ठेवून दुसरं उदाहरण शोधायचो. कांद्याच्या भावाचं, नाहीतर रिक्षाच्या भाड्याचं. मोबाईलमधल्या त्या गृहस्थाला दुसरं उदाहरण सुचणार नव्हतं. आज नाही, ही मुलगी पास होऊन गेल्यावरही नाही. त्याला तिथून बाहेर ओढावंसं वाटलं.

न राहवून मी तिच्यामागे जाऊन विचारलं, "काय कळलं नाही, बाळा?"

ती दचकली. "सॉरी सर, आवाज मोठा झाला का?" माझ्याकडे नीट न बघताच तिने घाईघाईने इअरफोन लावले.

मोबाईलमध्ये माझे ओठ हलले. मग मी थांबलो, तिच्या उत्तराची वाट बघत.