डॉक्टरांच्या नावावर

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आजारपणात त्यानं माझी उलटी ओंजळीत झेलली आहे, माझ्या टकलावरचा घाम पुसला आहे. त्याच्यापासून लपवावं असं माझ्या शरीरात काही उरलेलं नाही. पण ही गोष्ट त्यालाही सांगितली नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या रस्त्यात भेटून "जाऊ द्या हो मॅडम" म्हणणार नाही. ते "जाऊ द्या" मला नको आहे.

लोकांना वाटतं, केमोत माणूस हळवं होतं. मी खुनशी झाले. कुकरच्या शिट्टीवर चिडायचे, फोडणीच्या वासावर चिडायचे, शेजारणीच्या "पॉझिटिव्ह राहा बरं का" वर तर दात खायचे. तोंडात इतके फोड की साधं पाणी टोचायचं. जिभेवर सदा लोखंडाची चव. बर्फाचा खडा चघळा, मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या करा, थंड दहीभात गिळा — सगळं नेमानं केलं. शाळेत विज्ञान शिकवते मी, नेम पाळता येतो. पण बोटं बधिर झाली, आणि तिथं नेम चालेना. प्रज्ञाची वेणी माझ्या हातून सुटायची. अकरा वर्षांची पोर, आरशात पाहून म्हणायची, "चालते मम्मी, राहू दे," — आणि माझी पाठ वळली की मायकडून पुन्हा घालून घ्यायची.

माय म्हणजे माझी आई. खापा गावची. हातमागवाल्यांच्या घरी कांड्या भरून, सुतानं बोटं कापून घेऊन तिनं मला शिकवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्या पगाराची, माझ्या नावापुढच्या पदवीची मुळं त्या बोटांत आहेत, हे मी कधी विसरले नाही. विसरले असते तर हा गुन्हा थोडा लहान झाला असता.

पहिल्या केमोनंतर ती कपड्यांची पिशवी घेऊन आमच्या नागपूरच्या दोन खोल्यांत आली. नवरा बुटीबोरीला कारखान्यात, पाळ्या बदलत्या. तिनं घर हातात घेतलं. मला वास नको म्हणून फोडणी मागच्या गॅलरीत द्यायची. चार वर्षांचा निहाल तिच्याच कुशीत झोपू लागला. घरात पुन्हा हसणं ऐकू येऊ लागलं, माझ्या खोलीच्या बाहेर.

याचा कुणाला राग येतो? मला आला. मी इथं भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि पलीकडे माझी आई माझी पोरं माझ्याहून बरी सांभाळते आहे! माझ्यावाचून हे घर कसं चालेल याची रोज तालीम चालली आहे, असं वाटायचं. औषधाचा परिणाम होता का तो? नाही. मळमळ औषधाची होती, फोड औषधाचे होते. हा माझा होता.

एक दिवस निहाल गॅलरीत धपकन पडला, गुडघा सोलला. मी कशीबशी पलंगावरून उठले आणि दोन्ही हात पसरले. तो रडत आला, माझ्या बाजूनं गेला, आणि मायच्या लुगड्यात शिरला.

"काहून रडतं माया राजा? या फरशीनं पाडलं का तुले? थांब, हाणतो तिले! तू बी हाण एक!"

ती फरशीला चापट्या मारत होती आणि तो रडता रडता हसत होता. माझे हात पसरलेलेच.

दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले होते, ते आधी सांगते. पांढऱ्या पेशी कमी आहेत, सर्दी-तापाच्या माणसांना लांब ठेवा, सगळ्यांनी हात धुवा. आणि हेही म्हणाले होते — आई सोबत आहे ना, मग मला काळजी नाही.

संध्याकाळी मी मायला म्हटलं, "माय, डॉक्टर म्हणाले, तुझ्या हातांना भेगा आहेत, भेगांत जंतू राहतात. मुलांना हात लावू नकोस. भांड्यांनाही नको. मुलं मला बिलगतात, त्यातून मला संसर्ग होईल." मायशी मी कधी असं पुस्तकी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. सहावीच्या वर्गाला जंतूंचा धडा शिकवते, त्या आवाजात.

मला वाटलं होतं, ती भांडेल. "याच हातानं वाढवलं वं तुले!" म्हणेल. मी भांडायलाच बसले होते. पण डॉक्टर म्हणजे शिकलेला माणूस, आणि शिकलेल्या माणसावर तिचा विश्वास — मीच शिकले म्हणून बसलेला. तिनं हात पदराखाली घेतले. मग उठली, स्वतःचं ताट, वाटी, पेला वेगळा काढला आणि गॅलरीच्या दाराशी नेऊन ठेवला.

ते मी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलं नाही. तिला येत होतं.

कळतंय ना? माझ्या आजोबांनी नागपुरात येऊन दीक्षा घेतली. गावच्या हॉटेलात आपली कपबशी कोनाड्यात निराळी ठेवतात, म्हणून त्यांनी त्या हॉटेलाची पायरी सोडली, आणि बोटाला धरलेल्या पोरीलाही सोडायला लावली. ती पोरगी म्हणजे माझी माय. या विषयावर मी भाषणं देते. चांगली देते! आणि जे गावानं तिच्याशी केलं, तेच मी केलं, जंतूंचं नाव देऊन. एवढं मनात नव्हतं, म्हणू? पण वेगळं ठेवलेलं ताट मी पाहिलं होतं. पाहिलं, आणि मला बरं वाटलं. हो — बरं वाटलं.

निहाल धावत गेला की ती दोन्ही हात वर उचलायची. "नको बाप्पा, मले शिवू नको. तुया मम्मीले बाधते." शिवू नको! हा शब्द आमच्या घरात नव्हता. मी आणला.

काही दिवसांनी ती खाप्याला निघून गेली. थांबून करणार काय होती? प्रज्ञा चटके खात भात लावायला शिकली. नवऱ्यानं पाळी बदलून घ्यायला साहेबाच्या विनवण्या केल्या. मला म्हणाला, "माय अशी एकाएकी काहून गेली वं?" मी म्हटलं, "गावाची आठवण आली तिले."

मी बरी झाले. महिला दिनाला शाळेनं सत्कार केला. माईक हातात घेऊन मी मायचे आभार मानले. ती मागच्या रांगेत बसून सगळ्यांसोबत टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्यांनंतर माझ्या घशाखाली घास उतरायला नको होता ना? मी घरी येऊन पोटभर जेवले.

खाप्यात ती बायांना सांगते, "डॉक्टरनं म्हटलं दूर राहा. मी राह्यली. म्हनून पोरगी वाचली." खरं सांगितलं तर तिचा हा अभिमान मोडेल, अशी समजूत मी स्वतःची घालत आले. किती सोयीचं! भित्रेपणा माझा, आणि नाव मायेचं. "आता लाव हात" असं मी तिला कधी म्हटलं नाही, आणि ती आपणहून विचारणारी नाही.

मागच्या महिन्यात ती आली, भर उन्हातून. निहाल नऊ वर्षांचा झाला आहे. पाण्याचा तांब्या घेऊन धावला. तिनं तांब्या हातात घेतला नाही. उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली, ओंजळ तोंडाशी धरली. "वरून टाक बाप्पा." त्याला तो खेळ वाटला. हात उंच करून, हसत हसत तो धार धरत होता, आणि माझी माय पीत होती. कोपरांवरून पाणी ओघळत होतं.

मी दारातच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडापर्यंत आलं होतं.

मी निहालला म्हटलं, "हळू टाक. सांडून राह्यलं."